दहा गुंठ्यांचं घरचं शेत

भिवंडी शहरातून वाड्याच्या रस्त्याला लागलं की नदीनाक्याला कामवारी ओलांडावी लागते. पुलापलीकडे शेलार सुरू होतं. यंत्रमागांच्या शेड, डाईंग-सायझिंगचे कारखाने, चाळी, नव्या इमारती, गोदामं, आणि त्यांच्या पाठीमागे अजून बांध शाबूत असलेली भाताची खाचरं. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे, पण 2011च्या जनगणनेने शेलारची नोंद ‘जनगणना नगर’ म्हणून केली. शेजारची खोणी, काटई, कारिवली ही गावंही त्याच यादीत आहेत. अशा नोंदीसाठी तीन निकष लागतात: किमान 5000 लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामावर. थोडक्यात, सरकारी मोजणीत शेती हा इथला मुख्य धंदा उरलेला नाही.

अशा गावात कुटुंबाने हौसेची शेती उभी करण्याबद्दल बोलायचं, ते दोन प्रकारच्या माणसांसाठी. एक, मुंबई-ठाणे-कल्याणातलं कुटुंब, ज्याला शनिवार-रविवार घालवायला, मुलांना माती दाखवायला आणि घरच्या भाजीची चव चाखायला जमिनीचा तुकडा हवा असतो. दुसरं, इथलंच कुटुंब. आजोबांनी भात पिकवला, वडिलांच्या काळात बरीचशी जमीन मागांच्या शेडला, गोदामाला किंवा रस्त्याला गेली, आणि आता नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या मुलांच्या नावावर दहा-पंधरा गुंठे उरले आहेत. पहिल्या प्रकारच्या कुटुंबावर पुष्कळ लिहिलं जातं. दुसऱ्याकडे सहसा दलालच लक्ष देतात. खरं तर हौशी शेतीची सर्वांत चांगली सोय या दुसऱ्या कुटुंबाकडे असते: जमीन घराजवळ असते, कागद आपले असतात, आणि कुठल्या बांधाला पावसात पाणी फुटतं हे सांगणारं म्हातारं माणूस अजून घरात असतं.

दोघांनाही पडणारा पहिला प्रश्न एकच. किती जमीन?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं सर्वांत विचारपूर्वक उत्तर श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी दिलं. दाभोलकर (1924-2001) मूळचे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवता शिकवता ते शेतकऱ्यांच्या प्रयोगांकडे वळले आणि त्यातून ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना या परिवाराने झाडाची पानं मोजायला, मुळांचं निरीक्षण करायला आणि आपले निष्कर्ष एकमेकांना सांगायला शिकवलं. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांची मांडणी वाचायला मिळते. तिचा गाभा असा की पाच माणसांच्या कुटुंबाच्या गरजा भागवायला दहा गुंठे पुरू शकतात, मात्र त्यातल्या प्रत्येक चौरस फुटावर पडणारं ऊन पानांनी पकडलं पाहिजे आणि मुळांभोवतीची माती जिवंत असली पाहिजे. म्हणून ऊन, पानांचं क्षेत्र आणि पालापाचोळ्यापासून बनवलेली माती हे त्यांच्या शेतीचे हिशेबाचे आकडे. ही मांडणी पुढे शहरातही पोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यावर प्रीती पाटील यांनी जी बाग फुलवली, ती याच विचारातून.

दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट, पाव एकर. जमीन घ्यायला निघालेल्या शहरी माणसाला हा आकडा फार लहान वाटतो. त्याच्या डोळ्यांसमोर दोन एकर, कौलारू घर, कठडा आणि आमराई असते. पण जगात जिथे जिथे नोकरदार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हौसेची शेती टिकवली, तिथले तुकडे याहूनही लहान आहेत. सोव्हिएत काळात कामगारांना शहराबाहेर मिळणारा नेहमीचा तुकडा सहा ‘सोत्का’, म्हणजे 600 चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जेमतेम सहा गुंठे. 1990च्या दशकात पगार महिनोन्‌महिने थकत होते, तेव्हा याच तुकड्यांवरच्या बटाट्यांनी आणि भाज्यांनी लाखो रशियन घरांना हात दिला. जर्मनीत तर 1983चा स्वतंत्र कायदाच आहे. कुटुंबबागेचा तुकडा 400 चौरस मीटरहून मोठा नसावा आणि त्यावरची खोली 24 चौरस मीटरच्या आत असावी, असं तो सांगतो. नोकरी करून उरलेल्या वेळात एका कुटुंबाच्या हातांनी जेवढं झेपतं, तेवढीच ही मापं आहेत. त्यापेक्षा मोठ्या जमिनीला पगारी माणूस लागतो, आणि मग हौस त्या माणसाच्या सुट्ट्यांवर चालू लागते.

याचा अर्थ मोठ्या जमिनीवर कुणी यशस्वी झालंच नाही असा मुळीच नाही. डहाणूजवळच्या पेठ गावात व्यंकट अय्यर यांनी साडेचार एकर जमीन घेतली ती आयबीएममधली नोकरी सोडून. त्यांचे अनुभव ‘मूंग ओव्हर मायक्रोचिप्स’ या 2018 सालच्या इंग्रजी पुस्तकात आहेत. दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावी ‘गतिमान संतुलन’ हे मासिक काढणारे दिलीप कुलकर्णी कुटुंबासह राहायला गेले, ते गरजा कमी करून जगण्याचा निश्चय करून. महाराष्ट्राच्या सीमेला लागून, उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावात भास्कर सावे यांनी (1922-2015) ‘कल्पवृक्ष’ ही सुमारे चौदा एकरांची नारळ-चिकूची बाग उभारली. सुरुवातीला रासायनिक खतांवर भरघोस पीक घेणारे सावे खर्चाचा हिशेब मांडू लागले आणि नैसर्गिक शेतीकडे वळले. 2010 साली त्यांना ‘आयफोम’ या जागतिक सेंद्रिय शेती संघटनेचा जीवनगौरव मिळाला. ही तिन्ही उदाहरणं मोठी आहेत, पण तिघांनीही त्या जमिनीला आयुष्य दिलं. शनिवारी सकाळी जाऊन रविवारी रात्री परतणाऱ्या कुटुंबाने त्यांच्याकडून शिकावं जरूर, माप मात्र दाभोलकरांचं घ्यावं.

आता कागद. या पट्ट्यात शेतीचं पहिलं पीक सातबाऱ्यावर येतं, आणि तिथेच सर्वांत जास्त कुटुंबं फसतात.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला विनापरवाना झालेली शेतजमिनीची विक्री अडवतं, आणि असा व्यवहार झालाच तर कलम 84-क खाली जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. ज्याच्या किंवा ज्याच्या वाडवडिलांच्या नावाने राज्यात कुठेही शेतजमीन आहे, त्याने आधी तो वारसाहक्क नोंदवून घ्यावा. साताऱ्यातल्या गावी आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलेलं असेल, तर भिवंडीतला व्यवहार सरळ होतो. ‘शेतकरी दाखला आम्हीच काढून देऊ’ असं सांगणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

दुसरा अडथळा तुकडेबंदीचा. 1947च्या कायद्याखाली ऑगस्ट 2023मध्ये सरकारने अकोला आणि रायगड सोडून बाकी जिल्ह्यांच्या ग्रामीण भागासाठी नवं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं: जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. म्हणजे ठाणे जिल्ह्यात विहिरीखालची, बागायत म्हणून नोंदलेली दहा गुंठे जमीन स्वतंत्रपणे विकत घेता येते. पावसावरची दहा गुंठे घेतली तर तो तुकडा ठरतो. महामार्गालगतच्या फलकांवर दिसणारे ‘पाच गुंठे फार्म प्लॉट’ बहुतेक वेळा सामायिक सातबाऱ्यावरचा हिस्सा असतात. सात-आठ अनोळखी नावं एका उताऱ्यावर, तुमची जागा फक्त तारेच्या कुंपणाने दाखवलेली, आणि सरकारी नकाशात त्या कुंपणाचा मागमूस नाही. नागरी आणि नियोजित क्षेत्रांतल्या जुन्या तुकड्यांना नियमित करण्याची पावलं 2025मध्ये पडली. कुठल्या गटाला ती लागू होतात हे तलाठी आणि दुय्यम निबंधक यांच्याकडेच विचारावं, विकणाऱ्याकडे नव्हे.

सातबारा वाचताना नजर ‘इतर हक्क’ या रकान्यावर थांबली पाहिजे. तिथे कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याचा हक्क सापडतो. भोगवटादार वर्ग 2 असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेची कलमं 36 आणि 36-अ आड येतात, आणि ती आलीच पाहिजेत. भिवंडी, वाडा, शहापूर या तालुक्यांत वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांच्या हातून जमिनी कशा गेल्या हा इतिहास फार जुना नाही. हौसेसाठी कुणाच्या पोटाची जमीन पळवाटेने घेणं हे कायद्यापलीकडेही वाईट आहे. शिवाय या जिल्ह्यात 1975च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद फेरफारात दडलेली असू शकते. तिने पुढे घरच काय, झाड तोडण्याचीही वाट अडते. म्हणून मागचे सगळे फेरफार काढायचे, भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्यायची, आणि रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या चांगुलपणावर, ते पाहायचं.

घर बांधायची घाई तर अजिबात नको. शेतघराची परवानगी क्षेत्रफळाशी बांधलेली असते, आणि भिवंडीभोवतीच्या अनेक गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि नागपूरहून निघणारा 701 किलोमीटरचा रस्ता याच तालुक्यात आमणे इथे येऊन थांबला. त्यानंतर इथली प्रत्येक वीत जमीन कुठल्यातरी आराखड्यात मोजली जाते. आज हिरव्या पट्ट्यात असलेल्या गटावरून उद्या विकास आराखड्यातला रस्ता जाणार आहे का, हे झोन दाखल्याशिवाय कळत नाही.

कागद जुळले की पाणी. इथे दहा गुंठ्यांच्या मापाची खरी कसोटी लागते.

या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा गुंठ्यांवर पडणारं हे पाणी मोजलं तर सुमारे पंचवीस लाख लिटर भरतं. उलट उन्हाळ्यात भाजीला दर चौरस मीटरला रोज चार ते पाच लिटर लागतात, म्हणजे एक गुंठा भाजीला चारशे ते पाचशे लिटर. चार महिन्यांचे साठ हजार. पडतं पंचवीस लाख आणि हवं असतं साठ हजार, तरी मार्चमध्ये टँकर बोलवावा लागतो, कारण पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि खालचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. चार गुंठ्यांवर भाजी लावणाऱ्याला रोज दोन हजार लिटर लागतील. दहा हजार लिटरचा टँकर पाच दिवसांत संपेल. हा हिशेब लागवडीआधी केला की हौसेचा आकार आपोआप ठरतो.

एका गुंठ्यावर दहा बाय दहा मीटरचं, उतरत्या काठांचं, दोन मीटर खोल शेततळं खणून त्यात कागद अंथरला, तर साधारण एक लाख तीस हजार लिटर पाणी मावतं. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत वरचं मीटरभर पाणी ऊनच पिऊन टाकतं, म्हणून वर शेडनेट हवी. आणि भोवती कुंपण हवंच हवं. तळ्याचा प्लॅस्टिकचा काठ ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. काठावरून आत सोडलेले गाठींचे दोर पहिल्या दिवसापासून बांधलेले असावेत, मुलं शेतावर यायच्या आधी.

शेलारला आणखी एक खबरदारी. कामवारी शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेऊन खाडीला मिळते. तिच्या काठच्या जमिनीत विहीर किंवा बोअर असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पालेभाजी लावू नये. क्षार आणि आम्लता-अल्कतेसोबत जड धातूंचीही तपासणी सांगावी, नेहमीच्या यादीत ती नसते. अहवाल वाईट आला तर पावसाचं साठवलेलं पाणी हाच मार्ग उरतो, आणि नदीच्या पुराचं पाणी जिथवर येतं तिथे भाजीचे वाफे घालायचे नाहीत.

उरलेल्या नऊ गुंठ्यांची मांडणी कुटुंबागणिक बदलेल, पण एक चित्र असं. खोलगट चार गुंठ्यांवर भात. कोकणात हेक्टरी तीन टन उत्पन्न धरलं तर गुंठ्याला तीस किलो, म्हणजे चार गुंठ्यांत एकशेवीस किलो भात आणि भरडल्यावर पंचाहत्तर-ऐंशी किलो तांदूळ. पाच माणसांचे तीनेक महिने निघतात. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राच्या हळव्या जाती चार महिन्यांच्या आत तयार होतात आणि मागे राहिलेल्या ओलीवर कडवे वाल येतात. शेजारच्या तालुक्याचा वाडा कोलम, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो चवीला श्रेष्ठ, पण कापणीला उशीर लागतो आणि वालांचा ओलावा हातचा जातो. घरात मतभेद व्हावेत असा हा विषय आहे.

नोकरदार कुटुंबाला भाताची खरी अडचण मनुष्यबळाची. राब भाजायचा, रोपं करायची, चिखलणी, लावणी. आणि लावणी नेमकी मुसळधार पावसातल्या कामाच्या दिवशी येते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं ‘सगुणा राइस तंत्र’ इथे उपयोगी पडतं. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, म्हणजे ती कुजून जमीन भुसभुशीत राहते. या तंत्राच्या रूढ पद्धतीत तणासाठी तणनाशक वापरलं जातं. चार गुंठ्यांत त्याची गरज पडू नये. दोन रविवार सगळं घर विळे घेऊन बसलं तर तण आवरतं.

तीन गुंठे झाडांना. शिफारशीप्रमाणे आंबा दहा बाय दहा मीटरवर लावायचा, म्हणजे एका झाडाला जवळपास एक अख्खा गुंठा. नर्सरीत उभं राहिल्यावर हे कुणालाच आठवत नाही आणि कलमं डझनाने गाडीत चढतात. पाच वर्षांनी सावली पडते, भाजी खुरटते, मग कुऱ्हाड काढावी लागते. दहा गुंठ्यांत दोन आंबे, एक फणस, चार नारळ, एक चिकू एवढंच मोठं झाड पेलतं. बांधावर शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई. सावलीत हळद, आलं, सुरण, अळू. कुंपणाला करवंद आणि सागरगोटा, मधून गिरिपुष्पाचे खुंट, ज्यांचा पाला दरवर्षी छाटून खाचरात टाकला की खत विकत आणावं लागत नाही. खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून तापू द्यायचे, भरायचे आणि जूनचा पाऊस स्थिरावल्यावर लावायचं.

ठाणे जिल्ह्यात कलमं पाण्याविना मरतात त्याहून जास्त वणव्याने आणि मोकाट गुरांनी मरतात. सुगी संपली की गावची गुरं सुटतात, तो गावचा जुना रिवाज आहे. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला एखादी विडी पुरते. म्हणून जानेवारीतच कडेने जाळरेषा काढायची, गवत कापून झाडांच्या बुंध्यापासून दूर न्यायचं. हे काम शेजाऱ्यांबरोबर ठरवून केलं तर सगळ्यांची शेतं वाचतात. बाहेरून आलेल्या कुटुंबाची गावाशी ओळख अशा कामातून होते. पहिल्याच वर्षी आठ फुटी भिंत घालून विहिरीची पायवाट बंद करणाऱ्याची ओळख तहसील कचेरीत होते.

एक गुंठा भाजीला आणि उरलेला एक अवजारांची पडवी, पालापाचोळ्याचे ढीग, रोपांची जागा आणि कोंबड्यांच्या खुराड्याला. आठ-दहा गावरान कोंबड्या कुटुंबाला झेपतात. राणीखेतची लस वेळेवर द्यायची, रात्री खुराडं मुंगसापासून बंद ठेवायचं. गाय मात्र शेतावर रोज राहणारं माणूस असल्याशिवाय आणू नये. डांगी असो, कोकण कपिला असो, जनावराला सोमवार ते शुक्रवार असा हिशेब नसतो. शेण शेजारच्या गोठ्यातून विकत घ्यावं. त्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात.

शेलारमधल्या कुटुंबासाठी वारसाची बाजू यापुढची आहे आणि तिचा विचार आईवडील असतानाच व्हावा. दहा गुंठे बागायत हेच प्रमाणभूत क्षेत्र असल्याने दोन भावंडांत ते पाच-पाच करून वाटता येत नाही. तुकडेबंदी कायदा वाटपालाही लागू आहे. तुकडा पडत असेल तर एकाने जमीन घ्यायची आणि दुसऱ्याला पैशांत मोबदला द्यायचा, ही त्यातली सोय. आणि जिथे गुंठ्याचा भाव गोदामवाला ठरवतो, तिथे तो मोबदला द्यायची ऐपत शेती करू इच्छिणाऱ्या भावंडाकडे बहुधा नसते, म्हणून जमीन विकली जाते. दुसरा मार्ग सामायिक ठेवण्याचा. सगळ्यांची नावं एका उताऱ्यावर, बहिणींचीही, कारण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा वाटा भावाइतकाच आहे. तळ्याचा कागद बदलायचा खर्च कोण करेल, पाण्याची पाळी कोणत्या आठवड्यात कुणाची, आंबे कसे वाटायचे, कुणाला विकायचंच झालं तर आधी घरातल्यांना किती महिन्यांची मुदत द्यायची, हे वकिलाकडून लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवावं. दरवर्षी ई-पीक पाहणीत भात, वाल, आंबा, नारळ यांची नोंद करायलाही विसरू नये. 2021पासून ती शेतात उभं राहून मोबाइलवर करता येते, आणि कुठल्याही रस्त्यासाठी जमीन संपादित व्हायची वेळ आली तर झाडाझाडाची भरपाई याच नोंदींच्या आधारावर मागता येते.